व्हय महाराजा म्हणणारे यंत्र

सामाईक कलमांच्या बागेतला हिस्सा सख्ख्या बहिणीने आपणहून सोडावा, असे वाटू लागले की पूर्वी देवगडकडच्या माणसाची मोठी पंचाईत होत असे. ग्रामदेवतेला कौल लावायचा, तर गुरव पाषाणाला कळ्या लावणार, भोवती मानकरी बसणार, प्रश्न मोठ्याने विचारावा लागणार आणि तो ऐकायला बहिणीच्या सासरचे कोणीतरी नेमके हजर असणार. डावा, म्हणजे नकाराचा, कौल आला आणि प्रश्नाचे शब्द बदलून तो पुन्हा लावला, तर ते साऱ्या वाडीला कळणार.

आपण मात्र पडवीत एकटे बसून फोनमधल्या चॅटजीपीटीसारख्या बोलत्या यंत्राला विचारावे. "बहिणीचा हक्क बुडवू का?" असे उघडेवाघडे विचारू नये, 2005 च्या कायदादुरुस्तीने मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, हे यंत्र नको तेव्हा सांगत बसते. त्याऐवजी, "वीस वर्षे फवारणी केली, राखण केली, माकडे हाकलली, मुंबईत सुखात असलेल्या बहिणीने हक्कसोडपत्र दिले तर भावाबहिणीतला गोडवा टिकेल ना?" असे लिहावे. तरीही उत्तर डावे आले, तर माकडांची संख्या वाढवावी.

गाऱ्हाण्याला "व्हय महाराजा" म्हणायला गाव लागत असे, ते काम हे एकटे करते. माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून शिकलेले यंत्र माणसांना गोड लागेल तेच बोलू लागले, तर त्यात नवल ते काय? 2025 च्या एप्रिलमध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या चॅटजीपीटीतला एक बदल, तो लोकांची फारच तळी उचलतो म्हणून, मागे घेतला. हा मला तरी कद्रूपणा वाटतो.

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांचेही असेच. त्यांनी 1966 मध्ये मांडलेला एलायझा हा प्रोग्रॅम समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत देत असे. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ते अस्वस्थ झाले आणि माणसाने करायचा निवाडा यंत्रावर सोपवू नये, असे पुढे सांगत राहिले. त्यांची सामाईक बाग बहुधा नसावी.

मे महिन्यात बहीण माहेरी आली, की हापूसची एक पेटी तिच्या हाती द्यावी. सोबतच्या चिठ्ठीचा मजकूर यंत्राकडूनच लिहून घ्यावा. "ताई" हा शब्द ते योग्य जागी घालते.