हॉन्टरचा गेंगार होतो, पण दुसऱ्याच्या हातात

"पोकेमॉनला कसली रे स्टोरी? पोरगं घरातून निघतं, आठ बॅज गोळा करतं, चॅम्पियनला हरवतं. इतकी वर्षं तेच दळण."

परवा जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने हे वाक्य टाकलं आणि मी डबा तसाच उघडा ठेवून वाद घालायला बसलो. वाद हरलो. कारण त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर रात्री झोपताना सुचलं, म्हणून ही पोस्ट. कार्टूनबद्दल नाही हं, गेमबद्दल. ॲश, मिस्टी, ब्रॉक यांच्यावर जीव असणाऱ्यांनी रागावू नये. २००३ साली कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन लागायला लागलं तेव्हा मीही शाळेचं दप्तर कोपऱ्यात भिरकावून टीव्हीसमोर बसणाऱ्यांतलाच.

तर आधी कबुली. कागदावर लिहून काढली तर पोकेमॉनची गोष्ट खरंच पोस्टकार्डावर मावेल. एक प्रोफेसर तीनपैकी एक पोकेमॉन, म्हणजे पाळायचा आणि लढवायचा प्राणी, देतो. शेजारचा पोरगा आपल्याला मात देणारा उचलतो. मध्ये एखादी चोरटी टोळी येते. संवाद तर असे, की रस्त्यात एक मुलगा अडवून हाफ चड्डी किती आरामदायक असते एवढंच सांगतो आणि लढायला लागतो. पण माझं म्हणणं असं आहे की या मालिकेची गोष्ट संवादांत शोधणं हेच चुकतं. ती नियमांत लिहिलेली असते.

माझा हॉन्टर घ्या.

सोलापूरला आत्तेभावाच्या कॉम्प्युटरवर एमुलेटर (दुसऱ्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून आम्ही पोकेमॉनचा 'फायररेड' हा गेम खेळायचो. (हो, चोरीचाच. तेव्हा आमच्या गल्लीत गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं ते यंत्र, कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.) स्पेसबार दाबून ठेवला की गेम दुप्पट-तिप्पट वेगाने पळायचा, आणि लाईट जायच्या आत सेव्ह करायची घाई असायची. लॅव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यात मी एक गॅस्टली पकडला. लढून लेव्हल वाढली की बरेच पोकेमॉन पुढचं रूप घेतात; लेव्हल २५ ला त्याचा हॉन्टर झाला. पुढे गेंगार होतो हे मला टीव्हीमुळे ठाऊक होतं, म्हणून मी त्याला लढवत राहिलो. तीस, चाळीस, पंचावन्न. चॅम्पियन हरवून झाला तरी हॉन्टर तो हॉन्टरच. कुणीतरी कुठेतरी वाचून सांगितलं, अरे, तो लेव्हलने होतच नाही. दुसऱ्या माणसाबरोबर अदलाबदल करावी लागते.

आणि आमच्याकडे दुसरा माणूस होता, पण दुसरं मशीन नव्हतं.

त्या वेळी हा मला निव्वळ छळ वाटला. खूप वर्षांनी या नियमाचं मूळ कळलं. मालिकेचा जनक सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेला माचिदा भागात वाढला, किडे गोळा करायचं वेड असलेला मुलगा. शहर पसरत गेलं, तळी-शेतं गेली, किडेही गेले. पुढे गेमबॉयला दुसरा गेमबॉय जोडायची वायर पाहिली, तेव्हा इतरांना त्यात दोघांची मारामारी दिसली. याला वायरीवरून इकडून तिकडे चालत जाणारा किडा दिसला. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानात 'रेड' आणि 'ग्रीन' आले ते याच कल्पनेवर. दोन आवृत्त्या का? तर काही पोकेमॉन तुझ्याकडे मिळणार नाहीत, काही माझ्याकडे. पहिल्या १५१ पैकी चार तर असे, की अदलाबदल केल्याशिवाय त्यांचं शेवटचं रूप दिसतच नाही: कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि माझा हॉन्टर.

आता यातली खोच बघा. हॉन्टर पाठवला की तो माझ्याकडे गेंगार होत नाही. तो समोरच्याच्या पडद्यावर होतो. ते रूप पहिल्यांदा बघतो तो, मी नाही. मग त्याने परत पाठवला तर माझा. नाही पाठवला तर तोंड बघत बसा. विश्वासावर कुठल्या पात्राने भाषण दिलेलं नाही, फक्त एक नियम करून ठेवलाय, आणि दहा वर्षांच्या दोन पोरांना वायरीच्या दोन टोकांना बसवलंय. शिवाय दुसऱ्याकडून आलेला पोकेमॉन दीडपट वेगाने शिकतो, पण पुरेसे बॅज नसतील तर ऐकत नाही, लढाईत खुशाल झोपून जातो. माहेरहून आलेल्या सुनेचं वर्णन वाटलं तर तो माझा दोष नाही.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मधली. १९९९ चे गेम. यात घड्याळ आलं, खेळात खरी रात्र व्हायला लागली, अंडी आली, आणि प्रत्येक पोकेमॉनच्या पोटात एक लपलेला आकडा आला, तुमच्यावर किती जीव आहे त्याचा. बरोबर घेऊन चाललात की वाढतो. लढाईत बेशुद्ध पडू दिलंत की घटतो. औषधाचं तर मला फारच आवडतं: जडीबुटीच्या दुकानात स्वस्त आणि गुणकारी औषधं मिळतात, पण ती कडू असतात, आणि पाजलीत की पोकेमॉनचा जीव तुमच्यावरून उतरतो. पैसे वाचवायचे की माया, तुम्ही ठरवा. 'रिटर्न' नावाचा एक हल्ला होता, जितका जीव तितका जोरदार बसणारा. 'सोर्ड-शील्ड'पासून तो काढून टाकला, आणि मला ते अजून पटलेलं नाही.

या गेममधला प्रतिस्पर्धी लाल केसांचा, तुसडा पोरगा. पहिला पोकेमॉन त्याने प्रयोगशाळेतून चोरलेला. दुबळ्यांना माझ्याकडे जागा नाही, असं तोंडावर म्हणणारा. त्याला वाटेत एक-दोन माणसं सुनावतात, की तुझ्यात पोकेमॉनबद्दल प्रेम नाही, भरवसा नाही. एवढ्यावर एखाद्या मालिकेने त्याला रडवलं असतं, मागे व्हायोलिन लावलं असतं. इथे तसलं काही नाही. व्हिक्टरी रोडच्या गुहेत भेटतो तेव्हा त्याच्या संघात गोल्बॅट असतो, हॉन्टर असतो, कडाब्रा असतो. गेम संपल्यावर सोमवारी किंवा बुधवारी चॅम्पियनच्या मुक्कामी, इंडिगो प्लॅटोवर गेलात तर तो परत भेटतो. आता गोल्बॅटचा क्रोबॅट झालाय.

क्रोबॅट फक्त आणि फक्त मायेने होतो. दुसरा रस्ता नाही.

आणि हॉन्टरचा गेंगार, कडाब्राचा अलाकझॅम झालाय. म्हणजे या माणूसघाण्याने कुणाला तरी आपले पोकेमॉन दिले, आणि त्या कुणीतरी ते परत केले. कुठल्याही संवादात याचा उल्लेख नाही. बनवणाऱ्यांनी इतका विचार करून केलं की नुसता संघ तगडा केला, देव जाणे. पण नियम माहीत असलेल्याला तो सहा पोकेमॉनचा संघ म्हणजे एका माणसाचं आत्मचरित्र आहे. माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं असतं तर वाद जिंकलो असतो.

लॅव्हेंडरच्या मनोऱ्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, क्युबोनच्या मेलेल्या आईचं भूत वगैरे, म्हणून पुढे जातो. 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'वर मात्र जरा थांबायला हवं.

२०१० साली आलेले हे गेम. न्यूयॉर्कच्या धर्तीवरचा युनोव्हा प्रदेश, १५६ नवे पोकेमॉन, आणि मुख्य गोष्ट संपेपर्यंत एकही जुना नाही. पिकाचू नाही, झुबॅट नाही. पंधरा वर्षं खेळून पोपटासारखी पाठ असलेली माहिती कुचकामी. सुरुवातीलाच चौकात टीम प्लाझ्माचा म्होरक्या गेट्सिस सभा घेतो: पोकेमॉनना बॉलमध्ये कोंडून लढवणं हे प्रेम आहे का? मुक्त करा त्यांना. गर्दीत हिरव्या केसांचा एन उभा असतो. त्याला पोकेमॉनची भाषा कळते. तो म्हणतो, तुझा पोकेमॉन तुझ्याबद्दल बोलतोय, आणि तो काय बोलतोय हे ऐकून माझा गोंधळ उडालाय.

हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात कधी ना कधी आलेला असतो. आजीने एकदा पडद्याकडे बघून मला विचारलंच होतं, "कोंबड्यांच्या झुंजी लावतोस होय रे?" मालिकेने स्वतःच्याच पायाखालची सतरंजी ओढायची हिंमत केली ती या एकाच वेळी. आणि इथेही खरी गोष्ट नियमांत. एन दर भेटीला वेगळा संघ घेऊन येतो, आणि तो त्याच परिसरातल्या पोकेमॉनचा असतो. चार्जस्टोन गुहेत गुहेतलेच. का, तर तो लढाईपुरती त्यांची मदत घेतो आणि मग सोडून देतो. आपण तोवर बॉक्समध्ये चाळीस पोकेमॉन कोंबून बसलेले असतो, त्यातल्या तीसांकडे परत ढुंकूनही न बघता. कोण बरोबर, हे गेम बोलत नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यात शेजारी बसवून एन सांगतो की टीम प्लाझ्माचा राजा मीच, तेव्हा राग यायच्या ऐवजी मला त्याची कीव आली होती.

शेवट तर मालिकेची शिडीच मोडतो. तुम्ही चॅम्पियनपाशी पोचता तेव्हा एनने त्याला आधीच हरवलेलं असतं. चॅम्पियनच्या मुक्कामाभोवती जमिनीतून एनचा किल्ला वर येतो. त्या किल्ल्यात एनची खोली आहे, आत नुसती लहान मुलाची खेळणी पसरलेली, आणि वर गोड पण अंगावर काटा आणणारं संगीत. दुखावलेल्या पोकेमॉनमध्येच वाढवलेलं मूल, माणसांची दुसरी बाजू त्याला कधी दाखवलीच नाही. त्या खोलीत करण्यासारखं काहीच नाही, तरी मी तिथे बराच वेळ फिरत बसलो. नंतर एनला हरवता, गेट्सिसला हरवता, श्रेयनामावली सरकते, आणि तुम्ही चॅम्पियन झालेलेच नसता.

तक्रार एकच, आणि मोठी. गेट्सिस शेवटी सरळसोट खलनायक निघतो. बाकी सगळ्यांचे पोकेमॉन सुटले की आपल्याच टोळीकडे राहतील, एवढाच त्याचा डाव. तो वाईट ठरला की प्रश्नही बाद ठरल्यासारखा होतो. पण वाईट माणसाने विचारलेला प्रश्न बरोबर असू शकतो ना? गेम तिथे कच खातो. मुलांचा गेम आहे, समजून घेतो. पण खातो.

त्यानंतरच्या बऱ्याच गेममध्ये उलटं घडलं. गोष्ट संवादांत शिरली आणि नियम सोपे होत गेले. 'सन-मून'मध्ये दर पाच पावलांवर कुणीतरी थांबवून बोलतं. 'सोर्ड-शील्ड'मध्ये आभाळ लाल होतं, स्फोट होतात, आणि मोठी माणसं सांगतात, तू जा पुढे, जिम (बॅज मिळवायच्या लढाया) आटप, आम्ही बघतो. अरे, मग मी खेळतोय कशाला? शिवाय त्या गेममध्ये मिळालेला अनुभव सहाही पोकेमॉनमध्ये आपोआप वाटला जातो, आणि ते बंद करता येत नाही.

यावर लोक म्हणतात, नोकरीधंद्याच्या माणसाला ग्राइंड करायला, म्हणजे त्याच त्याच लढाया करत लेव्हल वाढवायला, वेळ कुठे. मान्य. पण फायररेडमध्ये माउंट मूनजवळ एक माणूस गेममधल्या ५०० ला मॅजिकार्प विकतो. नुसता तडफडणारा मासा, हल्ला शून्य. मी तो घेतला, आणि आत्तेभाऊ आठवडाभर मला हसला. त्याला दर लढाईत पहिला पाठवायचा, लगेच मागे घ्यायचा, अर्धा अनुभव त्याच्या पदरात. लेव्हल २० ला त्याचा ग्याराडोस झाला तेव्हा मी खुर्चीवर उभा राहिलो होतो. आता तोच मासा मागच्या बाकावर बसून आपोआप वीसला पोचतो, आणि पोरं तेव्हा फोन बघत असतात.

अगदीच काळोख नाही म्हणा. २०२२ च्या 'लेजंड्स: आर्सेउस'मध्ये पोकेमॉन थेट तुमच्या अंगावर येतात, माणसं त्यांना घाबरतात, आणि त्यामुळे पकडणं या क्रियेलाच नवा अर्थ येतो. (त्यात 'लिंकिंग कॉर्ड' नावाची वस्तू मिळते, ती वापरली की हॉन्टरचा अदलाबदलीविना गेंगार. लहानपणी तिच्यासाठी मी सायकल दिली असती. आता वापरताना बोट जरा अडखळलं.) त्याच वर्षीच्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये आर्व्हन आहे. त्याचा कुत्रा माबॉस्टिफ जखमी होऊन पडलाय, त्याच्यासाठी तो औषधी वनस्पती शोधतोय. पाच ठिकाणी राक्षसी आकाराचे पोकेमॉन हरवायचे, वनस्पती मिळवायची, आर्व्हन तिचं सँडविच करणार. त्यातला एक वाटा कुत्र्याला, एक तुम्ही ज्यावर बसून फिरता त्या पोकेमॉनला. इकडे कुत्रा हळूहळू डोळे उघडतो, तिकडे तुमचं वाहन पळायला, पोहायला, कडे चढायला शिकतं. एकाच घासात त्याची गोष्ट आणि तुमचा नकाशा दोन्ही पुढे सरकतात. गेम तांत्रिकदृष्ट्या रडका होता, पात्रं जमिनीत रुतायची, चित्र अडखळायचं. तरी आर्व्हनसाठी सगळं माफ.

'व्हायोलेट' मी भाच्यामुळे घेतला. त्याच्याकडे 'स्कार्लेट'. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, दोघं गादीवर आपापला स्विच (गेम खेळायचं यंत्र) घेऊन लोळत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या संघात एक हॉन्टर आहे. म्हटलं, "बाळा, एक काम कर, ट्रेड लाव. मी हॉन्टर पाठवतो, तू काहीही फालतू पाठव, मग मला परत दे." वायर नाही, काही नाही, दोन बटणं. त्याच्या पडद्यावर हॉन्टर चमकायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. वीसेक वर्षांनी एकदाचा गेंगार झाला.

माझ्याकडे बदल्यात आला मॅजिकार्प. लेव्हल पाच.

म्हटलं, चल, दे परत आता. भाचा गेंगारला फिरवून फिरवून बघत होता.

"मामा, तू तो मासा वीसपर्यंत ने आधी. मग बघू."