सबअ‍ॅरेची बेरीज म्हणजे स्लायडिंग विंडोच?

कोडिंग मुलाखतीची तयारी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘अमुक बेरजेचे सबअ‍ॅरे किती, असं विचारलं की डोळे मिटून स्लायडिंग विंडो लावा. प्रिफिक्स सम म्हणजे उगाच जादा मेमरी, आणि हॅशमॅपमध्ये आधीच शून्य भरून ठेवणं हा नुसता पाठ करायचा जुगाड.’ सबअ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेतल्या, म्हणजे संख्यांच्या रांगेतल्या, सलग घरांचा तुकडा. स्लायडिंग विंडो म्हणजे असाच एक तुकडा उजवीकडे वाढवत आणि बेरीज जास्त झाली की डावीकडून आकसत नेणं. प्रिफिक्स सम म्हणजे सुरुवातीपासूनची चालू बेरीज, आणि हॅशमॅप म्हणजे कुठली चालू बेरीज किती वेळा आली याची झटकन शोधता येणारी नोंद.

आधी ‘डोळे मिटून’ बघू. अ‍ॅरे घ्या ३, -२, २, १ आणि हवी असलेली बेरीज ३. असे सबअ‍ॅरे तीन: एकटा ३, मग ३, -२, २, आणि शेवटचे २, १. आता विंडो चालवा. पहिल्याच घराला बेरीज ३, एक सापडला. पुढे १, मग पुन्हा ३, दुसरा सापडला. शेवटचा १ घेतला की बेरीज ४, म्हणून डावीकडचा ३ काढला, उरली १. बेरीज आता कमी आहे, म्हणून विंडो आकसायची थांबते आणि लूप संपतो. उत्तर २, चूक. खरं तर अजून एक घर, म्हणजे ती -२, काढली असती तर बेरीज वाढून ३ झाली असती. डावीकडून काढलं की बेरीज कमीच होणार, या गृहीतकावर विंडो उभी असते आणि ऋण संख्या नेमकं तेच मोडते.

बरं, ऋण संख्या नसतील तर? शून्यही पुरतं. ०, ३ या अ‍ॅरेत बेरीज ३ चे सबअ‍ॅरे दोन, साधी विंडो एकच मोजते. सगळ्या संख्या धन असतील तर मात्र विंडो खुशाल लावा. तिथे ती सरसच आहे.

मेमरीचा आक्षेप अर्धाच खरा. चालू बेरजेचा वेगळा अ‍ॅरे लागत नाही, एक व्हेरिएबल पुरतं. हॅशमॅप वाढतो हे मान्य, पण त्या बदल्यात दुहेरी लूप, म्हणजे प्रत्येक सुरुवातीसाठी प्रत्येक शेवट तपासणं, जातो. एक लाख घरांसाठी दुहेरी लूप म्हणजे सुमारे ५०० कोटी जोड्या.

राहिला शून्याचा ‘जुगाड’. वरच्या अ‍ॅरेच्या चालू बेरजा मांडा: ०, ३, १, ३, ४. पहिलं शून्य म्हणजे अजून काहीच घेतलेलं नाही ती अवस्था. ज्यांचा फरक ३ आहे अशा पुढच्या-मागच्या जोड्या मोजा: ० आणि पहिला ३, ० आणि दुसरा ३, १ आणि ४. तीन. ते शून्य गाळलंत तर अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून निघणारे दोन्ही सबअ‍ॅरे गेले. यात पाठ करण्यासारखं काय आहे?

क्रम मात्र सांभाळा. आधी मॅपमध्ये ‘चालू बेरीज वजा हवी असलेली बेरीज’ शोधायची, मग चालू बेरीज टाकायची. उलटं केलंत आणि हवी असलेली बेरीज ० असली, तर प्रत्येक घरापाशी रिकामा सबअ‍ॅरेही मोजला जातो.