विश्वास आणि वागणं वेगळं काढता येत नाही

ज्या लेखावर हे लिहिलंय त्यात म्हटलंय की ख्रिस्ती लोकांत नुसता येशूवर विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, मग माणूस कसाही वागू दे. अजिबात पटलं नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ८-९ वचनात तारण कृपेने, कर्मांनी नाही असं आहे हे खरं, पण सगळे तिथंच थांबतात, पुढचं १०वं वाचा की, सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय असं सरळ लिहिलंय. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो कर्मांवाचून विश्वास निर्जीव. याच मुद्द्यावरचा कॅथलिक आणि लुथरन या दोन ख्रिस्ती पंथांतला वाद म्हणाल तर १९९९ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला दोघांनी सही केलीय, देव स्वीकारतो ते आपल्या पुण्याईवर नाही आणि तीच कृपा चांगलं वागायचं बळ देते म्हणून.

आमच्या कोल्हापुरात चर्चमधल्या एक मावशी सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या परगावच्या पेशंटच्या माणसांना भाकरी-आमटीचा डबा नेऊन देतात, स्वर्ग मिळावा म्हणून करता का विचारलं तर म्हणतात, मिळालंय रे आधीच, म्हणून तर करते!

आणि लेखात क्रूसावरच्या चोराचं, म्हणजे येशूच्या शेजारी क्रूसावर दिलेल्या आणि येशूने स्वर्गाचं वचन दिलेल्या गुन्हेगाराचं उदाहरण दिलंय, त्याला सत्कर्मं करायला वेळच कुठं होता म्हणून. अहो पण त्याही अवस्थेत त्याने येशूची निंदा करणाऱ्या दुसऱ्या चोराला दटावलं, आपली शिक्षा योग्यच आहे हे कबूल केलं आणि येशू निर्दोष आहे म्हणाला, हे वागणंच झालं की.