मटण पेंडिंग

आमच्या कंपूत सध्या माझ्याकडं एकच काम आहे, मधे बसायचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर डावीकडं दाजी, उजवीकडं गोली आणि मधे मी. पूर्वी त्या जागी शेंगदाण्याची पुडी असायची आणि तिच्यात दोन्हीकडनं हात यायचे. आता वाक्यं येतात. "त्याला सांग, ऑफसाइड हुता." "त्याला म्हणावं, डोळं तपासून घे." हातभर अंतरावर बसलेल्या दोन माणसांचे निरोप पोचवत मी सामना बघतो. आपला गोल झाला की दोघंही उठतात आणि मलाच मिठी मारतात. एकदम, दोन बाजूंनी. चष्म्याची डावी दांडी अशाच एका हेडरवर गेली. सध्या तिला चिकटपट्टी आहे.

बरं, ही दोघं काही वेगळ्या संघांची नव्हेत. एकाच पेठेतली, एकाच तालमीची. बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. तालमीला फुटबॉल संघ असतो आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतात. आमची तालीम कुठली ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच लेख सोडतील आणि उरलेले माझं घर शोधत येतील.

दाजी हे अख्ख्या पेठेचे दाजी आहेत. नक्की कुणाच्या बहिणीचे, हे विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही. गोलीला शाळेत असताना एकदा गोलकीपर आला नाही म्हणून जाळ्यासमोर उभा केला होता. त्यानं किती खाल्ले ते जाऊ दे, नाव तेवढं चिकटलं. दोघांची दोस्ती अशी, की समोरच्या पेठेला शिव्या द्यायच्या झाल्या तर पहिला अर्धा वाक्यखंड दाजी म्हणायचे आणि क्रियापद गोली पुरवायचा.

मग २०२४ ची लोकसभा आली.

एरवी निवडणुकीचं आणि आमच्या पायऱ्यांचं काही देणंघेणं नसायचं. या वेळी काँग्रेसकडनं उभे साक्षात शाहू महाराज. आता महाराज म्हणजे केएसएचे, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे, पेट्रन-इन-चीफ. कोल्हापुरातला फुटबॉल ज्या घराण्याच्या पाठबळावर वाढला, त्या घराण्यातले. दाजींनी तिथंच मत ठरवलं. गोलीनं ठरवलं धनुष्यबाण, म्हणजे संजय मंडलिक, म्हणजे मोदी. त्या वेळी गावात घोषणा फिरत होती, 'मान गादीला, मत मोदींना'. गोलीला ती फार आवडली, कारण तिच्यात दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय होती.

"महाराज आले की मी उठून उभारतो का न्हाई?" तो म्हणायचा. "मान वेगळा, मत वेगळं."

"नुसती तुझी मान घेऊन महाराज दिल्लीत काय करणार रे?" दाजी.

हे सगळं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर चालायचं. समोर म्हैस, हातात फेसाळ दुधाचा ग्लास, आणि अशा सात्त्विक वातावरणात पैज लागली. ज्याचं येईल त्याला दुसऱ्यानं मटण घालायचं. पाच किलो, तांबडा-पांढरा वेगळा, सगळ्या कंपूला जेवण. साक्षीदार मी. 'ज्याचं येईल' म्हणजे काय येईल आणि कुठं येईल, हे त्या वेळी कुणीच विचारलं नाही. वकिलाच्या नातेवाईकानं तरी विचारायला पाहिजे होतं. आमच्यात एक आहे, पण तो मटणाच्या तुकड्यांच्या साइजवर बोलत होता.

७ मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल. कोल्हापुरात महाराज दीड लाखाच्या वर मतांनी आले. दुपारपासनं दाजी गुलालात असे काही न्हाले होते, की घरच्यांनी आधी बाहेरच्या नळावर पाठवलं. रात्री फोन आला, "मटणाचं बघ म्हणावं त्याला."

गोली शांत. कारण टीव्हीवर दिल्लीचा आकडा आला होता, एनडीए २९३. ९ जूनला शपथविधी झाला आणि गोली गुलाल लावून दाजींच्या दारात. "आलं का न्हाई आमचं? मटण काढा."

तिथनं जे सुरू झालं त्याला माझ्या मते युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, स्वतंत्र समिती नेमायला हवी.

"हे बघ," दाजी म्हणाले, "पैज कोल्हापुरात लागली. मॅच कोल्हापूरची."

"ती फर्स्ट लेग," गोली म्हणाला. "होम ग्राउंडवर तुम्ही मारली. सेकंड लेग दिल्लीत. दोन्हीची बेरीज, म्हणजे अ‍ॅग्रिगेट बघायचं असतंय."

"अ‍ॅग्रिगेटच बघ. महाराष्ट्रात आमचं तीस, तुमचं सतरा. ह्ये अवे गोल कुठं मोजलंस?"

"परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचा नियम २०२१ ला गेला. जरा पेपर वाचत जावा."

दाजींनी मग हुकमाचं पान काढलं. "भाजपला किती? दोनशे चाळीस. लागतात दोनशे बहात्तर. म्हणजे टायमात तू जिंकलाच न्हाईस. चंद्राबाबू आणि नितीशकुमारांनी पेनल्ट्या मारल्या म्हणून वाचलास."

क्षणभर मला वाटलं, मिटलं. गोली मान खाली घालून विचार करत होता. आणि मग त्यानं शांतपणे विचारलं, "अर्जेंटिनाला २०२२ चा वर्ल्डकप कसा मिळाला हो, दाजी?"

दाजी जन्मजात अर्जेंटिना. त्या रात्री फ्रान्सशी ३-३ झाल्यावर पेनल्ट्यांवर कप आला तेव्हा ते रस्त्यावर लोळले होते, याला मी साक्षीदार. (माझ्या आयुष्यात साक्षीदार हीच एक नोकरी कायम टिकलीय.) पेनल्टीवरचा कप अर्धा असतो असं म्हणायची सोय त्यांना उरली नाही. मटण मात्र उरलं.

गोली ब्राझील. आमच्यात ही फूट जुनी आहे आणि तिचा कुणाला त्रास नव्हता. वर्ल्डकप आला की इथं चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात. कुणाचा किती फूट उंच यावरनं वाद होतात, आणि कप संपला की फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर पत्र्याच्या जागी जातात. आमच्या गल्लीत एका म्हशीवर अजून नेमार हसतोय. पण निकालानंतर दाजींनी या जुन्या फुटीचाही नव्यानं तपास सुरू केला. मोबाइलवर रात्रभर काहीतरी वाचलं आणि सकाळी दुधाच्या ग्लासासकट गोलीसमोर उभे.

"नेमारनं २०२२ ला ब्राझीलच्या अध्यक्षाचा, त्या बोल्सोनारोचा प्रचार केलता. आणि ती पिवळी जर्सी घालून त्याची माणसं मोर्चं काढत हुती. म्हणून तू ब्राझीलवाला!"

गोली अवाक्. त्याचं ब्राझीलप्रेम २००२ चं. त्या वर्षी ब्राझीलच्या रोनाल्डोनं सगळं डोकं भादरून फक्त कपाळावर त्रिकोणी केस ठेवले होते, आणि गोलीनं दहावीच्या वर्षात तसेच कापून घेतले होते. वडिलांनी कप संपेपर्यंत त्याला टोपी घालूनच जेवायला बसवलं. एवढं सोसून धरलेल्या निष्ठेवर कुणी बोल्सोनारोचा शिक्का मारला तर माणूस पेटणारच. दुसऱ्या दिवशी तोही वाचून आला.

"तुमच्या अर्जेंटिनात काय चाललंय म्हाईत हाय का? हातात करवत घेऊन प्रचार करणारा मिलेई निवडून दिलाय तिथल्या लोकांनी. जा, घाला आता निळी-पांढरी."

"मॅराडोनाच्या दंडावर चे गव्हेरा हुता! पायावर कॅस्ट्रो!"

"मिलेईच्या हातात करवत हाय. दंड असू दे न्हाईतर पाय, कापतोय की."

बोल्सोनारो आणि मिलेई हे दोघंही एकाच, उजव्या बाजूचे, तेव्हा गोलीनं करवतीबद्दल खूश व्हायला हवं होतं आणि दाजींनी पिवळ्या जर्सीबद्दल जरा सबुरीनं घ्यायला. हे सांगायला मी तोंड उघडलं. दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी दूध प्यालो.

युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप, सुरू झाला तेव्हा तालमीत पडदा लावला. रात्री साडेबाराच्या मॅचला सगळे जागे. राजकारण काढायचं नाही असा दाजींनीच नियम केला आणि तो फ्रान्सच्या कॅप्टननं, एमबापेनं मोडला. फ्रान्समध्येही मध्येच संसदेची निवडणूक लागली होती, आणि हा गडी १६ जूनला पत्रकारांसमोर बसून म्हणाला की टोकाची मंडळी सत्तेच्या दाराशी आलीत, पोरांनो, मतदान करा. दाजींची छाती फुगली. "बघा! असा असतो कॅप्टन. बोलतो. आपल्याकडं एक तर बोलतोय का?"

"खेळाडूनं खेळावं," गोली म्हणाला.

दुसऱ्याच रात्री ऑस्ट्रियाविरुद्ध हेडरला उडी मारताना एमबापेचं नाक समोरच्याच्या खांद्यावर आपटून फुटलं. पांढऱ्या जर्सीवर रक्त. सगळा हॉल 'आई गं' म्हणाला. गोली तेवढा उठला, पडद्यापाशी गेला, फुटलेल्या नाकाकडं बोट केलं आणि म्हणाला, "राजकारणात नाक खुपसलं की असं हुतंय."

दाजी त्या रात्री मॅच सोडून गेले. फ्रान्स १-० जिंकला हे त्यांना सकाळी मी सांगितलं.

पुढं ७ जुलैला तिथला निकाल लागला. डाव्या आघाडीला जागा जास्त, उजव्यांना मतं जास्त, मॅक्रॉनवाले मधे, आणि बहुमत कुणालाच नाही. म्हणजे तिथं तिघं जिंकले होते. आमच्या कंपूत या बातमीचं स्वागत झालं. पैजेचं मटण तीन भागांत कसं वाटायचं यावर वकिलाच्या नातेवाईकानं एक प्रस्तावही मांडला.

तोवर ग्रुप फुटला होता. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 'फक्त फुटबॉल' नावाचा, डीपीला तालमीचं बोधचिन्ह. त्यातनं गोली बारा जण घेऊन बाहेर पडला आणि 'फक्त फुटबॉल' याच नावाचा, त्याच डीपीचा दुसरा ग्रुप काढला. मूळ ग्रुप कुणाचा यावर तंटा. दाजी म्हणाले, स्थापना आम्ही केली. गोली म्हणाला, माणसं आमच्याकडं जास्त. महाराष्ट्रात राहून हे ऐकलेलं वाटलं तर तो तुमच्या कानांचा दोष नव्हे. मला दोन्हीकडं ठेवलंय. सकाळी सहाला दोन्ही ग्रुपांवर एकाच गणपतीचा तोच फोटो येतो आणि दोन्ही ठिकाणी नमस्कार केला नाही तर दिवसभर विचारणा होते.

नोव्हेंबरात विधानसभा. तिचं फार सांगत नाही, कारण त्यातनं मी अजून सावरलेलो नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये अधिकृत उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागं घेतला आणि हात हे चिन्हच मतपत्रिकेवर उरलं नाही. दाजी तो सगळा आठवडा वॉर्मअप करून आलेल्या आणि जर्सी घरी विसरलेल्या प्लेअरसारखे हिंडत होते. २३ तारखेला अख्ख्या जिल्ह्यात काँग्रेसला भोपळा. गोली मिरवणुकीतनं थेट माझ्याकडं. "आता तरी मटण?"

दाजींचा निरोप तयार होता. "ती पैज लोकसभेची. विधानसभेची वेगळी लावायला पाहिजे हुती. रेफ्रीला विचार."

रेफ्री म्हणजे मी. मी म्हटलं, मला व्हीएआर पाहिजे, रेफ्रीला व्हिडिओ बघून निकाल द्यायची सोय. दोघांनाही तो विनोद वाटला नाही.

मग सीझन सुरू झाला आणि मी मधे बसायला लागलो. लोकांना वाटतं समोरच्या पेठेचे समर्थक, ढोल, घोषणा, मधे उभा पोलिसांचा बंदोबस्त हेच शाहू स्टेडियमचं टेन्शन. तसं काही नाही. समोरच्यांचं काय ते आधी माहीत असतं. त्यांनी काय म्हणायचं, आपण काय म्हणायचं, सगळं पाठ. टेन्शन आपल्याच पायरीवर असतं. आमचा विंगर उजवीकडनं सारखा आत शिरायला लागला की गोली म्हणतो, "उजवीकडनंच हुतंय काय व्हायचं ते." दाजी म्हणतात, "डावा पाय वापर म्हणावं त्याला." ही दोन्ही वाक्यं फुटबॉलची आहेत. दोन्ही फुटबॉलची नाहीत. पुढच्या पायरीवरचा एक म्हातारा मागं वळून म्हणाला, "पोरगं बॅक पास दिऊन दमलंय, त्याचा पक्ष कुठला त्ये तरी सांगा." मी त्याला शेंगदाणे दिले.

हाफटाइमला चहा आणतानाही मला दोन फेऱ्या माराव्या लागतात, कारण एकाच ट्रेमधनं आलेला चहा दुसऱ्याच्या पैशाचा असण्याची शक्यता असते.

तरी मी निभावून नेत होतो. खरी पंचाईत झाली ती महापालिकेनं. २०१५ नंतर आमच्या महापालिकेची निवडणूकच झालेली नव्हती. मग ती लागली आणि प्रभागात उभा राहिला आमच्याच तालमीचा माणूस. पूर्वी संघाकडनं खेळलेला, दोन्ही ग्रुपांत असलेला. कुठल्या पक्षाकडनं, हे त्याचं त्यालाही अर्ज भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर दाजी आणि गोली, एकाच गाडीवरनं आलेले. गोली चालवत होता, दाजी मागं, हात त्याच्या खांद्यावर. मी चष्मा नीट लावून पुन्हा बघितलं.

"ह्या वेळी आम्ही दोघं एकत्र हाय," दाजी म्हणाले.

"तालमीचा माणूस म्हटल्यावर पक्ष कसला बघायचा?" गोलीनं क्रियापद पुरवलं.

मी आनंदानं चहा टाकायला वळलो तर दाजींनी थांबवलं. दोघंही माझ्याकडं रोखून बघत होते. "चहा ऱ्हाऊ दे. तुझं नक्की काय हाय ते सांग. सगळ्या टायमाला तू मधे. लोकसभेला कुणाला दिलंस, विधानसभेला कुणाला दिलंस, कधी बोललास? ह्या वेळी काय दगाबिगा करायचा विचार हाय काय?"

"माणसाचा भरोसा वाटंना," गोली दाजींना म्हणाला. थेट. माझ्यामार्फत नाही.

मी म्हटलं, "मी तुमच्याबरोबर आहे. पण साक्षीदार म्हणून विचारतो, आधी त्या पाच किलोचं मिटवा."

दोघांनी एकमेकांकडं बघून डोळे मिचकावले.

"मिटलं त्ये," गोली म्हणाला. "कुणालाच खर्च न्हाई. उमेदवाराच्या पुतण्याच्या वाढदिवसाचं जेवण हाय. तांबडा-पांढरा, सगळं."

"कधी असतो वाढदिवस?"

दाजींनी गाडीला किक मारायची खूण केली. "आचारसंहिता बघून ठरवाय लागलेत."