सुई, प्रकाश आणि आपलं ऊन: अंबाजोगाईच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर ओपीडीत ती डोक्यातून गेली नाही. खाली दोन ओळी लिहून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मुरुमांच्या खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंग, म्हणजे कातडीला बारीक सुया टोचण्याचा उपचार, आणि जोडीला एलईडी प्रकाश, याबद्दल मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर जिल्हा परिषद शाळेतले हे शिक्षक लिहितात: "असे लेख वाचूनच पोरी पार्लर गाठतात. माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सहा सिटिंग झाले, 18,000 रुपये गेले. सुया टोचायच्या, मग अर्धा तास निळ्या दिव्याचा मास्क. टोचून कधी खड्डा भरतो का? खड्डे जागच्या जागी आणि चेहरा काळवंडला. याला उपचार म्हणायचं की लूट? तुम्ही घरच्या माणसाला हे कराल का?"

सर, तुमचा राग रास्त आहे. आणि त्यात माझाही वाटा आहे, तो आधी कबूल करते. माझ्या लेखात मी सगळीकडे नुसतं "एलईडी" लिहिलं. रंग कोणता, हे एकदाही लिहिलं नाही. मला वाटलं ते डॉक्टर ठरवतील. पण लेख वाचणारी मुलगी डॉक्टरकडेच जाईल हे मी गृहीत कसं धरलं? तुमच्या प्रतिक्रियेतल्या "निळ्या दिव्या"पाशी मी थांबले ते त्यामुळेच.

निळा प्रकाश, साधारण 415 नॅनोमीटर तरंगलांबीचा, मुरुमांसाठी वापरतात. मुरुमातल्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाचे पदार्थ असतात, ते हा प्रकाश शोषतात आणि त्यातून जंतू मरतात. म्हणजे तो चालू मुरुमांचा उपचार आहे. बुजलेल्या मुरुमाच्या खड्ड्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीत निळा प्रकाश रंगपेशींना चेतवतो आणि त्यातून आलेला काळपटपणा पुष्कळ दिवस टिकतो. गोऱ्या कातडीवर तसं सहसा होत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये ही धोक्याची सूचना क्वचितच ऐकायला मिळते. सुयांनी आधीच चेतवलेल्या कातडीवर सहा वेळा, दर वेळी अर्धा तास निळा प्रकाश, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात स्कूटीवर क्लासला. तिचा चेहरा का काळवंडला याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

वणांच्या कामात वापरतात तो लाल प्रकाश, 630 नॅनोमीटरच्या आसपासचा, किंवा डोळ्यांना न दिसणारा 830 नॅनोमीटरचा. तो कातडीत काही मिलिमीटर खोल जातो, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला चालना देतो, सूज उतरवतो. त्याने भाजत नाही, काही टोचत नाही. पण सर, हेही मी मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं: खड्डा भरायचं काम सुईचं आहे. प्रकाशामुळे लाली लवकर उतरते, भगभग कमी होते, जखम भरायला मदत होते. त्यामुळे वण किती जास्त भरतो, यावरचे अभ्यास लहान आहेत आणि मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या थोड्या. "लाइटमुळे डबल रिझल्ट" असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. माझ्याकडे कुणाला खर्च झेपत नसेल तर मी सरळ सांगते, प्रकाश सोडा, ते पैसे चांगल्या सनस्क्रीनला ठेवा.

आता सुईबद्दल. "टोचून कधी खड्डा भरतो का" असं तुम्ही विचारलंत. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावर गोंदण असतं ना, त्या गोंदणाशी याचा संबंध आहे. कॅनडातले दोन डॉक्टर, कामिरां आणि दूसे, शस्त्रक्रियेचे पांढुरके वण झाकायला त्यावर कातडीच्या रंगाचं गोंदण करत असत. वर्ष-दोन वर्षांनी रंग उडून गेला तरी वण मात्र सुधारलेला दिसला. मग त्यांनी शाई न घालता नुसत्या सुया वापरून पाहिल्या आणि 1997 साली ते प्रसिद्ध केलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर आणला. सुई आतल्या थरात जाते, बारीक थेंबाएवढं रक्त येतं, तिथून शरीर जखम भरायला घेतं आणि नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, विणतं. हे काम महिनोन् महिने चालतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये किमान चार ते सहा आठवडे हवेत, आणि शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिने थांबल्याशिवाय निकाल लावता येत नाही. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2018 साली अशा सुयांच्या एका पेनला चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या वणांसाठी परवानगी दिली, तीही 22 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. त्यामुळे या उपचाराला लूट म्हणता येणार नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं, ते मात्र उपचार म्हणण्याच्या लायकीचं नाही.

एक गोष्ट तुम्ही घरीच करून बघा. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची टॉर्च तिच्या गालाच्या बाजूला, कानाजवळून आडवी धरा. जिथे सावली पडते तो खड्डा. जिथे नुसता रंग दिसतो, सावली नाही, तो डाग. डागाला सुई लागतच नाही. माझ्याकडे "खड्डे आहेत" म्हणून येणाऱ्या कितीतरी मुलींच्या गालावर या उजेडात सावलीच पडत नाही. मग दोन बोटांनी कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर जो खड्डा सपाट होतो तो उथळ, लाटेसारखा, त्याला खालून कातडी ओढून धरणारे दोर असतात, ते आधी सोडवावे लागतात. काठ उभे असलेले, पण उथळ खड्डे सुईला बऱ्यापैकी दाद देतात. आणि ताणूनही जो तसाच राहतो, सुईच्या अग्रासारखा अरुंद आणि खोल, त्याला मायक्रोनीडलिंग जवळपास निरुपयोगी. त्याच्या तळाशी तीव्र ॲसिडचा टिपका द्यावा लागतो आणि तो जाणत्या हातानेच. "खड्डे जागच्या जागी" असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला पहिली शंका हीच आली, की ते कोणत्या प्रकारचे आहेत हे कुणी बघितलंच नसेल.

गेल्या आठवड्यात एक मुलगी पर्समधून ऑनलाइन मागवलेला रोलर घेऊन आली. वर्षभर वापरलेला, बहिणीबरोबर वाटून. "मॅडम, रोज फिरवते, पण गालाची आग व्हायली." मी तो भिंगाखाली धरला आणि तिला दाखवला. निम्म्या सुयांची टोकं वळून गळासारखी झाली होती. ती सुई आत शिरत नव्हती, कातडी ओरबाडत होती. दोघींनी वाटून वापरणं तर फारच धोक्याचं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामधून सुयांच्या अशाच फेशियलमधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाली, तो स्पा 2018 साली बंद करावा लागला. तुमच्या मुलीला विचारा, सुयांचं पाकीट दर वेळी तिच्यासमोर फोडलं होतं का. नसेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. घाबरवायला म्हणत नाही, पण करून घ्या.

आणि आपलं ऊन. परदेशातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, उपचारानंतर ऊन टाळा. परभणी-बीडकडच्या पोरीला हे सांगणं सोपं आहे का? मी नवं मायक्रोनीडलिंग होळीनंतर सुरूच करत नाही. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने चांगले, पण नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. म्हणून शेतातल्या मुलीला मी आधी विचारते, वेचणी कधी उरकते? जानेवारीत उरकली तर होळीपर्यंत दोन सिटिंग बसतात. उरलेले पुढच्या वर्षी. घाई केली की तुमच्या लेकीसारखं होतं. सनस्क्रीनही नुसतं पांढरं पुरत नाही, मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं लागतं, कारण काळपटपणा आणणारा दृश्य प्रकाश तेच अडवतं. वरून सुती स्कार्फ हवाच.

आता मुलीसाठी. सध्या सुई नाही, कुठल्याच रंगाचा दिवा नाही, कातडीचा वरचा थर काढणारं पील नाही, ब्लीच नाही. हळद-बेसनही काही दिवस राहू द्या, चोळण्याने डाग वाढतो. एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते: चेहरा काळवंडल्यावर मेडिकलवाल्याने किंवा मैत्रिणीने एखादी उजळ करणारी ट्यूब दिली आहे का? त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठ दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग पातळ, लाल, केसाळ होतो. तशी ट्यूब चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. तुमच्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, तिथल्या त्वचारोग विभागात जा. मुलगी संभाजीनगरलाच असेल तर घाटी रुग्णालय आहे. दोन्ही सरकारी आहेत, पैशाचा प्रश्न फारसा येणार नाही. काळपटपणा वरच्या थरात असेल तर ऊन सांभाळून, साध्या मलमांनी सहा महिने ते वर्षभरात बराच उतरतो. राखाडी-निळसर झाक असेल तर तो खोल आहे, त्याला जास्त वेळ लागेल. परीक्षेच्या वर्षात तिला रोज आरशासमोर उभं राहून हे बघावं लागतंय, म्हणून घरात कुणी "कशाला गेली होतीस" म्हणू नका. ती फसवली गेली आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, घरच्या माणसाला कराल का. केलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीला. आधी तीन महिने मुरुम आटोक्यात आणले, कारण चालू मुरुमांवरून सुई फिरवली तर संसर्ग पसरू शकतो. मग दोन हिवाळ्यांत मिळून पाच सिटिंग, 1.5 मिलिमीटरची सुई, नंतर वीस मिनिटं लाल प्रकाश, डोळ्यांवर काळे गॉगल. दोन खोल खड्डे आजही तसेच आहेत. बाकीचे निम्म्याने उथळ झाले. लग्नात तिने मेकअप हलकाच केला होता, आणि बाजूने येणाऱ्या हॅलोजनच्या उजेडात काढलेला फोटो तिने स्वतः निवडून फ्रेम करून घेतला.

मूळ लेखात आज रंगाबद्दलचा परिच्छेद घातला आहे आणि "डॉक्टरांकडेच" हे शब्द पहिल्या ओळीत आणले आहेत. लेकीची तपासणी झाली की कळवा, सर. टॉर्चच्या उजेडात काय दिसलं तेही लिहा.