फुटलेल्या कागदांवर गुन्हा शाबीत होतो का?

परभणीत जिंतूर रोडच्या कट्ट्यावर एक पत्रकार, एक वकील अन् एक फौजी यांची विकिलीक्सवरून (गुप्त सरकारी कागद फोडणारी वेबसाइट) जुंपली. विषय 2010 मध्ये फुटलेले इराक युद्धाचे कागद. पत्रकारानं आकडे फेकले: 3,91,832 नोंदी, 1,09,032 मृत्यू, पैकी 66,081 नागरिक. "अमेरिकेच्या सैन्यानं सोत्ताच्या हातानं लिहिलंय. आणखी काय पायजे?"

"मारलं कोणी?" वकील. "त्यात बाजारातले बॉम्ब, शिया-सुन्नी खुनाखुनी, चौकीवरचा गोळीबार, सगळंच आलं. मेलेले मोजून गुन्हा होत नाही राव."

फौजीनं नोंद कशी होते ते सांगितलं. तुकडी रेडिओवर कळवते: वेळ, नकाशावरचा ग्रिड (म्हणजे जागेचा आकडा), घटनेचा प्रकार. मग मेलेले-जखमी चार रकान्यांत: आपले, इराकी पोलीस-सैन्य, नागरिक, शत्रू. "अन् रकाना भरतंय कोण? बहुतेकदा गोळी झाडणारेच. हेलिकॉप्टरवाला खाली उतरून ओळख पटवायलाय का?"

"म्हणजे ठाण्यातली स्टेशन डायरी. तिच्यावरून तपास सुरू होतो, शिक्षा होत नाही," वकील.

"पण खोटी डायरी कोणाच्या बाजूची?" पत्रकार सोडायला तयार नव्हता. 2004 ला इराकच्या फलुजा शहरात दोन मोठ्या लढाया झाल्या, तिथं या नोंदींत नागरिकांचा रकाना कोरा. हदिथात 19 नोव्हेंबर 2005 ला 24 नागरिक मेले, सैन्याचं पहिलं निवेदन म्हणे रस्त्यावरच्या बॉम्बनं 15 गेले. मुद्दा बिनतोड होता. कोऱ्या रकान्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही.

फौजी अडून बसला तो 22 फेब्रुवारी 2007 च्या नोंदीवर. अपाची हेलिकॉप्टरनं गाठलेले दोघं शरण यायलेत, असं वैमानिकांनी तळावर कळवलं. तिथल्या कायदा अधिकाऱ्याचं उत्तर: विमानापुढं शरण येता येत नाही, लक्ष्य वैधच. दोघं मारले गेले. "कैद करायला खाली माणूसच नाही, तर करायचं काय?" वकील उसळला: "1907 च्या हेग नियमात शस्त्र टाकून शरण आलेल्याला मारायला मनाई हाय. हेलिकॉप्टरला सूट कुठं लिहिलीय? 1991 ला कुवेतच्या फैलाका बेटावर इराकी सैनिक ड्रोनपुढं शरण आले होते." तरी खटला उभा करायचा तर बंदुकीच्या कॅमेऱ्याची फीत अन् रेडिओवरचं संभाषण लागेल, हेही त्यानंच कबूल केलं. ते दोघं खरंच शरण येत होते की गाडीकडं परत पळत होते, हे असल्या त्रोटक नोंदीवरून ठरत नाही.

खरा भक्कम कागद मात्र फ्रागो 242, असं वकिलाचं मत, अन् मला ते पटलं. फ्रागो म्हणजे अमेरिकी सैन्याचा छोटा पुरवणी हुकूम. जून 2004 चा हा हुकूम: कैद्याच्या छळात आपली माणसं नसतील तर प्राथमिक अहवाल पाठवा, वरून आदेश आल्याशिवाय पुढं चौकशी नको. इथं रकाना कोणी भरला हा वादच येत नाही, खुद्द हुकूमच बोलतो.

"28 जूनला सत्ता इराक्यांकडं गेली. कोठडी त्यांची," फौजी.

"कैदी कोणी दिला?" वकील. " छळ होईल तिथं माणूस सोपवायचा नाही, या करारात अमेरिका 1994 पासून हाय. दोन तारखा जुळवायच्या. त्या कोठडीतल्या छळाची पहिली नोंद कधीची, अन् त्याच कोठडीत पुढचा कैदी कधी दिला?"

"प्रसिद्ध केलेल्या नोंदींत नावं खोडलीत," पत्रकार म्हणाला.

"म्हणून तर कैदी सोपवल्याचं रजिस्टर लागतंय, अन् ते फुटलेलं नाही," वकील.