२१ जून, दुपारचे बारा आणि इंदूरची सावली: एका संदेशाचा प्रतिवाद

जून महिना लागला की इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सावलीविषयीचा एक संदेश फिरू लागतो. दरवर्षी त्याचे शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. २१ जूनला दुपारी बरोबर बारा वाजता साऱ्या भारतात क्षणभर सावली नाहीशी होते, असे तो सांगतो. त्या दिवशी सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो, हे त्याचे कारण म्हणून दिलेले असते. पुढे एक नियम येतो: प्रकाश जितका प्रखर, तितकी सावली आखूड; म्हणूनच कोवळ्या उन्हात ती लांब आणि भर दुपारी लहान दिसते. शेवटी पुरावा म्हणून घरातल्या दिव्याजवळ हात नेऊन पाहायला सांगितलेले असते. संदेश निरुपद्रवी वाटतो, पण तो मुलांनाही पाठवला जातो, आणि मुले तो खरा धरून चालतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिला दावा तारखेचा आणि ‘साऱ्या भारताचा’ आहे. उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशी मिळून जाण्यासाठी सूर्य बरोबर डोक्यावर यावा लागतो, आणि तो डोक्यावर येतो तेव्हा त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनात्मक अंतर, त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. ही क्रांती वर्षभरात दक्षिण आणि उत्तर या दोन्ही बाजूंना २३.४४ अंशांपर्यंतच जाते. त्यामुळे कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील गावांच्या नशिबी शून्य सावली नाहीच. इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांचे सोयरेधायरे ग्वाल्हेरला, लष्कर भागात आहेत. त्यांनाही हा संदेश पोचतो, पण ग्वाल्हेर २६ अंशांच्या वर असल्यामुळे तेथे २१ जूनच्या मध्यान्हीही एक मीटर काठीची सुमारे पाच सेंटीमीटर सावली उत्तरेकडे पडतेच. उलट, कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात, एक सूर्य उत्तरेकडे जाताना आणि एक परत येताना. मुंबईत हा दिवस मेच्या मध्यावरच येऊन जातो, भोपाळला तो १३ जूनच्या सुमारास असतो, आणि २२.७२ अंशांवरील आपल्या इंदुरात ६ किंवा ७ जूनला व पुन्हा ६ जुलैच्या आसपास येतो. जुलैतला दिवस बहुधा ढगांतच जातो, त्यामुळे त्याची आठवण कोणाला राहत नाही.

मग २१ जूनला इंदुरात काय होते? सूर्य आपल्याला ओलांडून पाऊण अंशाच्या आतबाहेर उत्तरेकडे गेलेला असतो, आणि एक मीटर काठीची सव्वा सेंटीमीटरची सावली दक्षिणेकडे पडते. मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडण्याचा हा काळ आपल्याकडे वर्षातून जेमतेम महिनाभर टिकतो. मुलांना दाखवण्याजोगी खरी नवलाई ही आहे, आणि संदेशात नेमका तिचाच उल्लेख नाही.

२१ जून ही तारीख बहुधा उज्जैनहून आली असावी. तेथील जिवाजी वेधशाळेच्या शंकूची, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभारलेल्या खांबाची, सावली त्या दिवशी नाहीशी झाल्याची बातमी दरवर्षी येते, आणि ती व्यवहारात खरी असते. उज्जैन २३.१८ अंशांवर आहे, कर्कवृत्त तेथून अठ्ठावीस-एक किलोमीटर उत्तरेला जाते, आणि त्यामुळे एक मीटर काठीची उरलेली सावली साडेचार मिलिमीटर इतकीच भरते, जी डोळ्यांना दिसत नाही. उज्जैनची तारीख इंदूरला लावणे हे अंतर पाहता क्षम्य आहे. ती साऱ्या देशाला लावणे नाही.

घड्याळातल्या बाराचे म्हणाल तर तो वेळ आपल्या गावचा नव्हेच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे, इंदूर त्याच्या पश्चिमेला सुमारे ६.६ अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. त्यात सूर्य आणि घड्याळ यांच्यातला त्या दिवसांतला दोनेक मिनिटांचा फरक मिळवला की २१ जूनला आपला खरा मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास होतो. बरोबर बाराला जो काठी उभी करील, त्याला पश्चिमेकडे साडेअकरा सेंटीमीटरची सावली दिसेल. ‘एका क्षणापुरती’ हेही तितकेसे खरे नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची क्रांती रोज अंशाच्या दहाव्या भागाने बदलते, म्हणून खऱ्या दिवसाच्या आदल्या-नंतरच्या दिवशीही मध्यान्हीची सावली दोन-तीन मिलिमीटरपलीकडे जात नाही.

तरीही ‘आम्ही २१ जूनला स्वतः पाहिले, सावली नव्हती’ असे सांगणारी माणसे भेटतात, आणि ती खोटे बोलत नाहीत. बहुतेकांनी गच्चीवर स्टीलचा पेला ठेवलेला असतो. बारा सेंटीमीटर उंचीच्या पेल्याची त्या मध्यान्हीची सावली दीड मिलिमीटर भरते. ती कोणाला दिसणार? शिवाय पेल्याचा काठ बुडापेक्षा रुंद असतो, त्यामुळे सूर्य अगदी डोक्यावर असतानाही त्या काठाची सावली बुडाभोवती कड्यासारखी पडलेली असते. सावली नाहीशी होत नाही, ती वस्तूच्या खाली जाते, हे या कड्याकडे पाहिले की लगेच कळते. मोजमाप करायचे असेल तर मीटरभर सरळ काठी घ्यावी आणि गवंड्याचा ओळंबा लावून ती उभी करावी, कारण काठी एका अंशाने कलली तरी पावणेदोन सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे जे मोजायचे त्याहून चूकच मोठी होते.

दुसरा दावा, सूर्य जवळ येण्याचा, दोन आकड्यांत निकालात निघतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे २१ जूनला सूर्य जवळपास आपल्या कमाल अंतरावर असतो. डिसेंबरअखेरीस तो जवळ आलेला असतानाच इंदुरात मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब, मीटरच्या काठीला एक मीटर चार सेंटीमीटर, पडते.

तिसरा दावा अधिक फसवा आहे, कारण त्यात दोन गोष्टी खरोखरच एकाच वेळी घडतात. सूर्य वर चढतो तसे ऊन तापते आणि सावली आखूडही होते. पण दोहोंचे कारण सूर्याची उंची हे आहे, एकामुळे दुसरे होत नाही. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या १.७३ पट, ४५ अंशांवर उंचीइतकीच आणि ६० अंशांवर निम्म्याहून थोडी जास्त असते. या हिशेबात प्रखरता कोठेच येत नाही. सूर्यासमोर विरळ ढग आला की सावली फिकी पडते, तिच्या कडा पुसट होतात, लांबी मात्र जागची हलत नाही. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखालून चालत गेले तरी हेच दिसते: दिवा तोच, उजेड तोच, आणि सहा मीटर उंचीच्या दिव्यापासून सहा मीटरवर दीड मीटर उंचीच्या मुलाची सावली दोन मीटर, तर नऊ मीटरवर तीन मीटर होते.

राहिला घरातल्या दिव्याचा पुरावा. त्यातले निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून सूर्याबद्दल काही ठरत नाही. छोटा बल्ब भिंतीपासून दोन मीटरवर असेल आणि दहा सेंटीमीटर रुंदीचा तळहात बल्बपासून अर्ध्या मीटरवर धरला, तर भिंतीवरची सावली चाळीस सेंटीमीटर रुंद होते; तोच हात एक मीटरवर नेला की ती वीस सेंटीमीटरवर येते. बल्ब तेवढ्याच आकाराचा पण अधिक प्रखर लावला, तरी सावली तेवढीच राहते आणि भोवतीचा उजेड तेवढा वाढतो. भिंत आणि वस्तू यांची बल्बपासूनची अंतरे कितीच्या प्रमाणात आहेत, यावर सारे अवलंबून असते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. हात मीटरभर हलवून त्या प्रमाणात काय फरक पडणार? त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात, म्हणून उन्हाकडे सरळ धरलेल्या तळहाताची सावली तळहाताएवढीच पडते.

‘जवळजवळ’ म्हणण्याला कारण आहे. आकाशातले सूर्यबिंब अर्धा अंश रुंद आहे, आणि त्याच्या दोन कडांकडून येणारे किरण किंचित वेगळ्या दिशांनी येतात, म्हणून गडद प्रच्छायेभोवती पुसट उपच्छाया तयार होते. वस्तू सावलीपासून जितकी दूर, त्या अंतराच्या साधारण एकशे आठव्या भागाइतकी ही पुसट पट्टी रुंद असते: एका मीटरवर नऊ मिलिमीटर. संक्रांतीच्या दिवसांत अर्धा मीटर रुंदीचा पतंग उडत असेल, तर उन्हाच्या तिरप्या रेषेत मोजलेले अंतर चोपन्न मीटरच्या पुढे गेले की त्याची प्रच्छाया संपते आणि जमिनीवर काहीच ठळक उरत नाही. सूर्य दिव्यासारखा जवळचा आणि लहान असता, तर वर जाणाऱ्या पतंगाची सावली उलट पसरत गेली असती.

याच नियमाने चंद्राची प्रच्छाया सुमारे पावणेचार लाख किलोमीटरवर निमुळती होत संपते, आणि चंद्र पृथ्वीपासून साधारण तितक्याच अंतरावर असल्यामुळे ती कधी जमिनीला टेकते, कधी टेकत नाही. २२ जुलै २००९ च्या सकाळी, खग्रास सूर्यग्रहणात, ती टेकली होती, आणि तिचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला. चंद्राचा व्यास ३४७४ किलोमीटर आहे. त्या पट्ट्याची रुंदी साऱ्या मार्गात कोठेही सुमारे २५८ किलोमीटरच्या पुढे गेली नाही.